साठवण सर्व्हरची खरेदी : बिघाडाच्या दिवसाचा हिशेब

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)



आपल्या विभागात या वर्षी सामायिक साठवणुकीसाठी सर्व्हर घ्यायचं ठरलं आहे. निधी मंजूर आहे, कोटेशन आली आहेत आणि विद्यार्थ्यांच्या वतीने यादी तपासायचं काम आमच्या गटाकडे आलं आहे. मागच्या वर्षी शेवटच्या सत्रात प्रयोगशाळेतल्या एका मशिनची डिस्क गेली आणि दोन गटांचं सहा महिन्यांचं प्रोजेक्ट तिच्याबरोबर गेलं, हे वसतिगृहात कोणाला सांगायला नको. म्हणून या खरेदीमागचा विचार सर्वांना कळावा, यासाठी हा लेख. संगणक शाखेबाहेरच्या मित्रांनाही समजेल असा प्रयत्न केला आहे. आकडेमोड आहे, पण ती गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

वितरित साठवण म्हणजे काय?

एकाच मोठ्या सर्व्हरमध्ये सगळा डेटा न ठेवता तो अनेक साध्या सर्व्हरवर विखरून ठेवायचा आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवायच्या, ही झाली वितरित साठवण. निफाड-लासलगावकडच्या मुलांना हे लगेच पटेल. कांदा कोणी एका ढिगात ठेवत नाही, हवेशीर चाळीत अरुंद कप्प्यांत ठेवतात. कुठेतरी सडणार हे धरूनच चाळ बांधलेली असते. २००३ साली गूगलने आपल्या फाइल सिस्टिमवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यातही हेच गृहीत होतं की यंत्रं बिघडणं हा अपवाद नसून नेहमीची गोष्ट आहे. त्यातून प्रेरणा घेऊन हडूप आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून सेफ ही प्रणाली तयार झाली (शोधनिबंध २००६). ती मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि आपल्या विभागात तीच वापरायचा विचार आहे. सेफ हे नाव ऑक्टोपसच्या कुळावरून, म्हणजे सेफॅलोपॉडवरून घेतलं आहे. एक डोकं, हात मात्र पुष्कळ!

सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी ते चालतं हार्डवेअरवरच. ते निवडताना बहुतेक जण विचारतात, "सगळ्यात मोठं आणि वेगवान कोणतं?" माझ्या मते प्रश्न वेगळा हवा : एक भाग बंद पडला तर उरलेले भाग किती वेळात सावरतील? पुढचं सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

खोडदचा धडा

नाशिकहून पुण्याला जाताना सिन्नर, संगमनेर मागे टाकलं की नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाला ती सामान्य लोकांना दाखवतात. मी दोनदा जाऊन आलो आहे. आपल्याकडच्या ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर जावं.

डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं केंद्र, एनसीआरए, ती चालवतं. त्यांनी एकच अवाढव्य ताटली बांधली नाही, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना बांधल्या. १४ मधल्या भागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. एक अँटेना दुरुस्तीला गेली तर उरतात २९ अँटेना आणि ४०६ जोड्या. म्हणजे नुकसान सात टक्क्यांहून कमी, निरीक्षण चालूच.

दुसरी गोष्ट ताटलीच्या पृष्ठभागाची. ती भरीव पत्र्याची नाही, स्टीलच्या तारांची जाळी आहे. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरच्या वर आहे. एक-दोन सेंटिमीटरचं भोक तिला दिसतच नाही. जाळीमुळे वजन घटलं, वाऱ्याचा जोर कमी झाला, खर्च वाचला आणि वाचलेल्या पैशात अँटेनांची संख्या वाढवता आली. गरज मोजून घेतली की कुठे पैसा लावायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. सर्व्हर घेतानाही अगदी हेच करायचं आहे.

आधी मोजमाप

तीन गोष्टी मोजायच्या : डेटा किती, तो किती वेगाने येतो, आणि वाचन-लेखन कोणत्या प्रकारचं आहे.

वेगाचं उदाहरण पुन्हा खोडदचंच घेऊ. सुधारित जीएमआरटीत ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा एका वेळी घेता येतो. नायक्विस्टच्या नियमाने सेकंदाला ८० कोटी नमुने. प्रत्येक अँटेनाचे दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत धरले तर ६० संकेत. एका नमुन्याला एक बाइट धरला तर सेकंदाला ४८ जीबी! ४ टीबीची डिस्क ८३ सेकंदांत भरेल. एवढं सगळं कोणी साठवत बसत नाही. अँटेनांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथली ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारी यंत्रणा त्यांचा जोडीजोडीने गुणाकार करून सरासरी काढते. आता ४३५ जोड्या आणि ३० स्वतःच्या स्वतःशी, दोन ध्रुवीकरणं, २०४८ वाहिन्या, प्रत्येक आकड्याला ८ बाइट आणि दर दोन सेकंदांनी एक नोंद असं धरा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ७.६ एमबी, तासाला २७ जीबी. ४८ जीबी प्रति सेकंदावरून एका साध्या डिस्कला झेपेल इतकं खाली आलं. साठवण विकत घेण्याआधी काय साठवायचं ते ठरवलं, म्हणून हे जमलं.

वाचन-लेखनाचा प्रकार हा मुद्दा तर हमखास राहून जातो. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, अधिक डोकं सरकायचा वेळ. सगळं मिळून बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ८० उड्या. आता २० केबीच्या दहा लाख फायली घ्या. एकूण डेटा फक्त २० जीबी. सलग वाचला तर १५० एमबी प्रति सेकंदाने सव्वादोन मिनिटांत वाचून होईल. पण फायली विखुरलेल्या असतील तर दहा लाख उड्या, साडेतीन तास! डिस्क तीच, डेटा तोच. आपल्या विभागात व्याख्यानांचे व्हिडिओ आणि जीएमआरटीच्या अभिलेखागारातून प्रोजेक्टसाठी उतरवून घेतलेल्या मोठ्या फायली आहेत. या सलग वाचल्या जातात, त्यांना साधी हार्ड डिस्क पुरते. मशिन लर्निंगवाल्यांची लाखो छोटी चित्रं आणि व्हर्च्युअल मशिन्स यांच्यासाठी मात्र एसएसडीचा छोटा वेगळा साठा हवा.

आमच्या मोजणीप्रमाणे तीन वर्षांची गरज ४० टीबी आहे. प्रत्येकाच्या तीन प्रती म्हणजे १२० टीबी. पुढचा हिशेब याच आकड्यावर.

डिस्क : बंद पडणारच

डिस्कच्या माहितीपत्रकात दहा लाख तास, पंधरा लाख तास असे आकडे असतात. त्यावरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडतील असं निघतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला बदलाव्या लागलेल्या डिस्क सर्रास दोन ते चार टक्के होत्या आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या डिस्कांचा अभ्यास छापला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख स्मार्ट सूचनांपैकी एकही आधी दिली नव्हती. म्हणजे डिस्क सांगून जात नाही.

खरेदीत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, एसएमआर प्रकारची डिस्क घ्यायची नाही. तिच्यात ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मावते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर तासन्‌तास लिहायची वेळ येते तेव्हा वेग पार कोसळतो. २०२० साली साठवणुकीसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा बराच गदारोळ झाला होता. म्हणून कोटेशनवर 'सीएमआर' असं लिहून घ्यायचं. दुसरी, एसएसडी घेताना वीज गेल्यावर आतल्या कपॅसिटरच्या जोरावर हातातलं लेखन पुरं करणारीच घ्यायची. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी इथे चालत नाही.

किती सर्व्हर? इथेच खरा वाद

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत.

प्रस्ताव अ : तीन सर्व्हर, प्रत्येकात १४ टीबीच्या चार डिस्क. एकूण १६८ टीबी.
प्रस्ताव ब : सहा सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या आठ डिस्क. एकूण १९२ टीबी.

दोन्हीत १२० टीबी बसतो. अ स्वस्त आहे, जागा आणि वीज कमी लागते. चांगल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतील. आता वाईट दिवस पाहू.

अ मध्ये एक डिस्क गेली. प्रत्येक डिस्कवर १० टीबी आहे. तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर हव्यात आणि सर्व्हर तीनच आहेत, म्हणून या १० टीबीची नवी प्रत त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर जाणार. प्रत्येकीवर होणार १३.३ टीबी, म्हणजे ९५ टक्के भरल्या. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं, ९० टक्क्यांच्या पुढे त्या डिस्कवर प्रती हलवणं थांबवतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद करतं. एक डिस्क गेली आणि सावरायचं काम मध्येच अडकलं!

अ मध्ये पूर्ण सर्व्हर गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही. मदरबोर्ड मुंबईहून येईपर्यंत आपण दोन प्रतींवर. त्या दिवसांत आणखी एक डिस्क गेली तर तिच्यावरच्या भागाची एकच प्रत उरते आणि नेहमीच्या सेटिंगप्रमाणे त्या भागाचं काम थांबतं.

ब मध्ये एक डिस्क गेली तर तिच्यावरचे २.५ टीबी उरलेल्या ४७ डिस्कांवर विखुरतात. सरासरी एकीवर ५३ जीबी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पूर्ण सर्व्हर गेला तर २० टीबी उरलेल्या पाच सर्व्हरवर जातात आणि साठा ६२.५ वरून ७५ टक्क्यांवर येतो. इशाऱ्याच्या रेषेच्या आत. रात्री कोणी उठायची गरज नाही, नवा भाग आठवड्याने आला तरी चालेल.

हो, ४८ डिस्कांमध्ये वर्षाला एक-दोन जाणार, १२ डिस्कांमध्ये दोन-चार वर्षांतून एखादी. ब मध्ये बिघाड जास्त वेळा होतील, पण प्रत्येक बिघाड लहान असेल आणि आपोआप भरून निघेल.

यातून एक साधं सूत्र निघतं. सर्व्हर 'न' असतील तर साठा कितीपर्यंत भरायचा? ८५ टक्के गुणिले (न वजा १) भागिले न. सहा सर्व्हरसाठी ७०.८ टक्के, पाचसाठी ६८, चारसाठी ६४. तीन सर्व्हरला हे सूत्र लावू नका, कारण तिथे एक गेल्यावर तिसऱ्या प्रतीला सर्व्हरच उरत नाही.

नेटवर्क : वेग किती पुरे?

ब मधला एक सर्व्हर गेल्यावर पाचही सर्व्हरना प्रत्येकी ४ टीबी नवीन लिहायचं आहे. १ गिगाबिटच्या जाळ्यावर सेकंदाला जेमतेम ११० एमबी मिळतात. म्हणजे दहा तास, तेही दुसरं कोणी जाळं वापरत नसेल तर! सबमिशनच्या आठवड्यात याचे वीस तास होतील.

१० गिगाबिट घेतलं तर? आता जाळं अडथळा राहत नाही, डिस्क अडथळा होते. प्रत्येक सर्व्हर ४ टीबी वाचतो आणि ४ टीबी लिहितो. मिश्र कामात एका डिस्कचे ५० एमबी प्रति सेकंद धरले तर आठ डिस्कांचे ४००. ८ टीबीला साडेपाच तास. म्हणजे १० गिगाबिट घेण्यात अर्थ आहे, पण २५ गिगाबिटचं कार्ड घेतलं तरी हे साडेपाच तास कमी होत नाहीत. तो पैसा दुसऱ्या स्विचवर घालवावा. एकच स्विच असेल आणि तो गेला तर सहा सर्व्हर असून उपयोग नाही.

रॅम, प्रोसेसर आणि कंट्रोलर

इथे फार रेंगाळत नाही. सेफ प्रत्येक डिस्कसाठी एक वेगळी प्रक्रिया चालवतं आणि तिचं मूळ लक्ष्य ४ जीबी रॅमचं असतं. आठ डिस्कांना ३२ जीबी. सावरण्याच्या वेळी ही भूक वाढते, म्हणून ६४ जीबी आणि तीही चुका दुरुस्त करणारी ईसीसी. प्रोसेसरला हार्ड डिस्कमागे साधारण एक कोर पुरतो. आठ-दहा कोरचा साधा सर्व्हर प्रोसेसर बस झाला. महागडा प्रोसेसर इथे म्हणजे भरीव पत्र्याची ताटली.

रेड कार्ड नको. प्रती सांभाळायचं काम सेफ करतं, त्याला प्रत्येक डिस्क थेट दिसली पाहिजे. साधं एचबीए कार्ड घ्यावं. डिस्कांची नोंदवही वेगळ्या एसएसडीवर ठेवली तर वेग वाढतो, त्यासाठी डिस्कच्या आकाराच्या एक ते चार टक्के जागा लागते. पण आठही डिस्कांची नोंदवही एकाच एसएसडीवर ठेवली आणि ती गेली तर आठही डिस्क गेल्या! म्हणून दोन एसएसडी, चार-चार डिस्कांना एक.

वीज आणि उन्हाळा

वीज जाते, आणि कधी कधी तीनपैकी एकच फेज जाते, हे नाशिककरांना नवीन नाही. सहाही सर्व्हर एकाच फेजवर असतील तर तीन प्रती काय आणि तेरा काय, सगळ्या एकदम झोपणार. इलेक्ट्रिकल विभागाच्या सरांशी बोलून आम्ही असं सुचवलं आहे की प्रत्येक फेजवर दोनच सर्व्हर ठेवावेत. मग एका तुकड्याच्या तीनही प्रती एका फेजवर कधीच येणार नाहीत, कारण तिथे सर्व्हरच दोन आहेत. निर्णय बहुमताने घेणारे तीन मॉनिटरही प्रत्येक फेजवर एक. पैसे पुरले तर दोन पॉवर सप्लाय असलेले सर्व्हर घ्यावेत आणि दोन वेगळ्या फेजवर जोडावेत.

खर्च मोजायचा तर ४८ डिस्कांना प्रत्येकी ८ वॉट धरून ३८४ वॉट आणि बाकी सर्व्हरला प्रत्येकी १५० वॉट धरून ९००. जवळजवळ १३०० वॉट, रात्रंदिवस. दिवसाला सुमारे ३१ युनिट. एवढी उष्णताही त्याच खोलीत बाहेर पडते, तेव्हा मे महिन्यात एसीशिवाय भागणार नाही. आणि संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना मामांनी मेन स्विच पाडू नये म्हणून या खोलीची लाइन वेगळी हवी. हे वाचून हसू येईल, पण यादीत हा मुद्दा आम्ही वरच ठेवला आहे.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

हे मुद्दाम वेगळं लिहितो. तुम्ही चुकून फोल्डर उडवलं तर ते तीनही प्रतींतून तत्परतेने उडतं. सेफ डिस्कच्या मरणापासून वाचवतं, माणसाच्या हातापासून नाही. म्हणून प्रोजेक्टचे कोड आणि अहवाल यांची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, या साठ्याबाहेर, दर रात्री जायला हवी. आकार थोडा असतो, एक साधं मशिन पुरेल. खरेदीच्या निधीतूनच ते घ्यावं असं आमचं म्हणणं आहे, नाहीतर 'नंतर बघू' म्हणता म्हणता राहून जाईल.

कोटेशन हातात आलं की विचारायचे प्रश्न

१) एक डिस्क गेली तर उरलेल्या किती टक्के भरतील?
२) एक सर्व्हर गेला तर प्रती ठेवायला वेगळा सर्व्हर शिल्लक आहे का?
३) सावरायला किती तास, आणि ते जाळ्यामुळे की डिस्कमुळे?
४) असा कोणता एकच भाग आहे की जो गेला तर सगळं थांबेल? स्विच, एसएसडी, फेज, मेन स्विच, किल्ली असलेला एकच माणूस?
५) डिस्क सीएमआर आहे का? एसएसडी वीज गेल्यावर टिकते का?
६) चूक सुधारायला बाहेरची प्रत कुठे आहे?

सरावासाठी एक उदाहरण देतो. २०१५ च्या सिंहस्थात शहरात जागोजागी सीसीटीव्ही कॅमेरे होते. समजा, १०० कॅमेरे आहेत, प्रत्येकाचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट, आणि चित्रण ३० दिवस ठेवायचं आहे. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ जीबी, सगळ्यांचे महिन्याचे सुमारे १३० टीबी. आता ठरवा : तीन प्रती हव्यातच का? वाचन सलग की विखुरलेलं? किती सर्व्हर आणि किती टक्के भरायचे? उत्तर काढून आणणाऱ्याशी चर्चा करायला मला आवडेल. रात्री मेसनंतर वाचनालयासमोर आम्ही असतोच.

खरेदी समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ब प्रस्ताव मंजूर होईलच असं नाही, निधीची मर्यादा आहे. तसं झालं तर आमची विनंती एवढीच की तीन मोठ्यांऐवजी निदान चार लहान सर्व्हर घ्यावेत, ते ६४ टक्क्यांपर्यंतच भरावेत आणि पुढच्या वर्षी दोन वाढवावेत. वितरित साठवणुकीची हीच तर सोय आहे, ती हप्त्याहप्त्याने वाढवता येते. ज्यांना या यादीत काही खटकत असेल त्यांनी बैठकीआधी जरूर सांगावं. शिक्षकवर्गाच्या सूचनांचंही स्वागत आहे.